देणं आणि दान : हुआन माताची कारकीर्द आणि एक टक्का



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं फुटबॉलमध्ये काय काम? प्रश्न रास्त आहे. फुटबॉलच्या डावपेचांतलं मला तुमच्यातल्या तरुण मंडळींइतकं कळत नाही. पण नीतिशास्त्र शिकवणाऱ्याला उदाहरणं लागतात, आणि ती नेहमी ग्रंथातच सापडतात असं नाही. कधी कधी ती मैदानावर सापडतात.

आपल्या मराठीत एक वाक्य फार घासून गुळगुळीत झालेलं आहे. ‘आपण समाजाचं काही देणं लागतो.’ सत्काराला उत्तर देताना, निवृत्तीच्या भाषणात, संस्थेच्या वर्धापनदिनाला हे वाक्य आपण ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण जरा थांबून बघा, या वाक्यात काय म्हटलंय. ‘देणं लागतो’ म्हणजे कर्ज आहे. वाण्याचं देणं लागतो, घरमालकाचं देणं लागतो, तसं. वाण्याची उधारी चुकती केली म्हणून कोणी आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करत नाही. (हशा) उलट दान केलं की सत्कार होतो, कारण दान न करणंही आपल्या हातात होतं. मग आपण समाजाला जे देतो ते नक्की काय आहे? देणं, की दान? बोलताना आपण पहिला शब्द वापरतो आणि मनात मात्र दुसरा अर्थ धरतो.

हा फरक समजून घ्यायला मी आज एका स्पॅनिश फुटबॉलपटूची कारकीर्द तुमच्यासमोर मांडणार आहे. त्याचं नाव हुआन माता. इंग्रजी स्पेलिंग बघून काही जण ‘जुआन’ म्हणतात, पण स्पॅनिशमध्ये तो उच्चार ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला आहे. आणि आडनाव ऐकून हसू नका. स्पॅनिशमध्ये ‘माता’ म्हणजे झुडूप.

ओव्हिएदो ते लंडन

माताचा जन्म 28 एप्रिल 1988चा, उत्तर स्पेनमधल्या बुर्गोस प्रांतातला. वाढला तो अस्तुरियास भागातल्या ओव्हिएदो शहरात. वडील स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. म्हणजे घरात खेळ होता, खेळाची समज होती, मुलाला कुठे न्यायचं हे ठाऊक असलेला बाप होता. रेआल ओव्हिएदो या गावच्या क्लबच्या बालगटात तो शिकला, आणि पंधराव्या वर्षी रेआल माद्रिदने त्याला आपल्या युवा संघात नेलं. माद्रिदच्या मुख्य संघात मात्र त्याला कधी जागा मिळाली नाही. 2007 साली तो वलेन्सियाला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्या क्लबने स्पेनचा राजाचा करंडक, म्हणजे ‘कोपा देल रेय’ जिंकला. 2010 साली विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातही तो होता, बहुतेक वेळ राखीव बाकावर.

आता तो परदेशी का गेला, हे बघू. आपण पटकन म्हणतो, ‘गुणी होता म्हणून गेला.’ गुणी तो होताच. पण नुसत्या गुणांनी माणूस परदेशी जात नाही. त्याच्या गुणांना कोणीतरी रस्ता बांधून ठेवावा लागतो.

पहिला रस्ता न्यायालयाने बांधला. बोसमान नावाच्या एका बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने 15 डिसेंबर 1995 रोजी निकाल दिला. त्याचे परिणाम दोन. करार संपलेला खेळाडू क्लबला एक पैही न मिळता दुसरीकडे जाऊ शकतो, हा एक. आणि युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना ‘परदेशी’ म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही, हा दुसरा. त्याआधी संघात परदेशी किती असावेत यावर बंधन असायचं. निकालानंतर स्पॅनिश मुलगा इंग्लंडमध्ये इंग्रज मुलाइतक्याच हक्काने खेळू लागला.

दुसरा रस्ता पैशाने बांधला. 1992 साली इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि उपग्रह वाहिन्यांचा पैसा तिथे वाहू लागला. 2003 साली रोमान अब्रामोविच या रशियन धनाढ्याने चेल्सी विकत घेतला, त्याबरोबर तेलाचा पैसा आला.

तिसरी गोष्ट वलेन्सियाची अडचण. क्लब कर्जात रुतलेला. नवं स्टेडियम बांधायला घेतलं आणि 2009 साली काम अर्धवट थांबलं. मग घरातले दागिने विकावेत तसे खेळाडू विकले जाऊ लागले. 2010 साली दाविद व्हिया बार्सिलोनाला गेला, दाविद सिल्व्हा मँचेस्टर सिटीला, आणि ऑगस्ट 2011मध्ये माता चेल्सीला.

म्हणजे बघा, बेल्जियममधल्या एका खेळाडूचा कोर्टातला झगडा, इंग्लंडमधल्या वाहिन्यांचे करार, रशियातलं तेल, स्पेनमधलं कर्ज. यातलं काहीही माताने कमावलेलं नव्हतं. डावा पाय त्याचा होता, सराव त्याचा होता. पण हाच डावा पाय घेऊन तो तीस वर्षं आधी जन्मला असता, तर कदाचित आयुष्यभर स्पेनमध्येच खेळला असता आणि या कमाईच्या जवळपासही पोचला नसता.

म्युनिकची रात्र

19 मे 2012. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बायर्न म्युनिक विरुद्ध चेल्सी, आणि तोही बायर्नच्याच घरच्या मैदानावर. 83व्या मिनिटाला म्युलरने बायर्नसाठी गोल केला. सगळं संपल्यात जमा. 88व्या मिनिटाला चेल्सीला कॉर्नर मिळाला. तो घेतला माताने, आणि त्यावर द्रोग्बाने डोक्याने चेंडू जाळ्यात मारला. बरोबरी. जादा वेळेत रॉबेनची पेनल्टी चेल्सीच्या चेकने अडवली. शेवटी निकाल पेनल्ट्यांवर गेला, आणि चेल्सीची पहिली पेनल्टी घ्यायला आला माता. नॉयरने ती अडवली.

इथे क्षणभर कल्पना करा. चेल्सी हरला असता तर त्या रात्रीचा खलनायक कोण ठरला असता? हाच. पण पुढे चेकने ओलिचची पेनल्टी अडवली, श्वाइनस्टायगरची खांबाला लागली, द्रोग्बाने शेवटची मारली आणि चेल्सी 4-3 असा जिंकला. माता युरोपचा विजेता झाला. त्याच माणसाने त्याच रात्री एक अचूक कॉर्नर घेतला आणि एक पेनल्टी दवडली. पहिल्या गोष्टीचं चीज द्रोग्बाने केलं आणि दुसरीची भरपाई चेकने.

त्या दिवशी चेल्सीच्या पहिल्या अकरांत कोण होते? चेक झेक, बोसिंग्वा पोर्तुगीज, दाविद लुईझ ब्राझीलचा, मिकेल नायजेरियाचा, कालू आणि द्रोग्बा आयव्हरी कोस्टचे, माता स्पेनचा, आणि बाकी चौघे इंग्रज. प्रशिक्षक इटालियन. इतक्या ठिकाणची माणसं एका गोलासाठी धावतात तेव्हा ‘हे यश माझं’ असं म्हणणं अवघड होऊन बसतं.

सहा आठवड्यांनी, 1 जुलैला, कीव्हमध्ये युरो स्पर्धेचा अंतिम सामना होता. स्पेन इटलीवर आरामात पुढे होता. माता 87व्या मिनिटाला बदली म्हणून आत आला. लगेच तोर्रेसला गोलची संधी आली. तो स्वतः मारू शकला असता, पण त्याने चेंडू बाजूला माताकडे दिला आणि माताने स्पेनचा चौथा गोल केला. स्पर्धेतला माताचा तो पहिलाच सामना. तो जेमतेम काही मिनिटांचा, आणि त्यात अंतिम सामन्यातला गोल! तोर्रेसच्या मनाचा मोठेपणा त्यात नव्हता काय?

पुढच्या मोसमात चेल्सीने युरोपा लीग जिंकली. अंतिम सामन्यात बेन्फिकाविरुद्ध शेवटच्या क्षणी इव्हानोविचने डोक्याने गोल केला, आणि कॉर्नर पुन्हा माताचा. मी हे मुद्दाम सांगतोय. माता हा मधल्या फळीतला, आघाडीपटूच्या मागे राहून खेळणारा खेळाडू. त्याच्या कामाचं फळ बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर लागतं. आणि दुसऱ्याने ते काम पुरं केलं नाही, तर त्याचं कौशल्य कोणाला दिसतसुद्धा नाही.

किंमत

2012 आणि 2013, लागोपाठ दोन वर्षं माता चेल्सीचा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला. 2013च्या उन्हाळ्यात जोझे मोरिन्यो प्रशिक्षक म्हणून चेल्सीत परतला आणि माता बाकावर बसला. मोरिन्योला मागे धावून बचाव करणारे खेळाडू हवे होते. माताचा खेळ बदलला नव्हता. त्याच्या खेळाकडे बघणारी नजर बदलली होती. जानेवारी 2014मध्ये त्याला मँचेस्टर युनायटेडला विकलं. रक्कम 3 कोटी 71 लाख पौंड, तोवरची त्या क्लबची सर्वांत मोठी खरेदी.

‘विकलं’ हा शब्द मी काही अलंकार म्हणून वापरत नाही. फुटबॉलमध्ये माणसं विकतात आणि घेतात. इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना कांट आठवतो. 1785 साली त्याने लिहिलं, की जगात काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं. माणसाच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही, म्हणून माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. मराठीत आपण ‘किंमत’ आणि ‘मोल’ असा थोडासा तसा फरक करतो, ‘अनमोल’ म्हणतो ते त्यामुळेच. आता ज्याच्या गळ्यात 3 कोटी 71 लाखांची चिठ्ठी अडकवली आहे, त्याने स्वतःकडे कसं बघावं? ‘मी एवढ्याचा आहे’ असं समजून? की ‘ही किंमत माझी नाही, माझ्याभोवतीच्या बाजाराची आहे’ असं समजून?

माताने जाताना चेल्सीच्या चाहत्यांना खुलं पत्र लिहिलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आभार होते. तो नियमितपणे स्वतःचा ब्लॉगही लिहायचा. त्याचं नाव ‘एक तास मागे’, कारण इंग्लंडचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं. परदेशी राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्यांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत त्यांच्या घरातही मनात दोन घड्याळं चालूच असतात.

मँचेस्टरमध्ये तो साडेआठ वर्षं राहिला. 2016च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल त्याचा होता, आणि युनायटेडने तो करंडक जिंकला. दोन दिवसांनी प्रशिक्षक व्हान हालला काढलं आणि त्याच्या जागी आला कोण? मोरिन्यो! सगळ्यांनी धरून चाललं की माता आता जाणार. त्या मोसमाच्या सुरुवातीच्याच सामन्यात माता बदली म्हणून आत आला आणि सामना संपता संपता त्यालाच पुन्हा बाहेर बोलावलं. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पण माता राहिला, खेळला, आणि त्याच मोसमात लीग कप आणि युरोपा लीग जिंकणाऱ्या संघात होता. 2022 साली त्याने मँचेस्टर सोडलं. पुढे गालातासरायबरोबर तुर्कस्तानची लीग, व्हिसेल कोबेबरोबर जपानची लीग, आणि 2024 साली ऑस्ट्रेलियातला वेस्टर्न सिडनी वाँडरर्स. कोबेत त्याला जेमतेम एक सामना मिळाला, तरी विजेत्यांच्या यादीत नाव लागलंच. दैव असंही देतं.

दोन प्राध्यापकांचं भांडण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा माणसाला जी अफाट मिळकत होते, ती त्याची आहे का?

यावर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांचा वाद प्रसिद्ध आहे. जॉन रॉल्सने 1971 साली एक भला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की अंगचे गुण ही निसर्गाची सोडत आहे. कोणाच्या वाट्याला काय येईल यात कोणाची कर्तबगारी नसते. मेहनत करण्याची सवयसुद्धा घरातून आणि परिस्थितीतून घडते. तेव्हा गुणांचं फळ एकट्याने खाण्याचा नैतिक हक्क कोणाला नाही. गुणवान माणसाने पुढे जावं, पण ज्यांची सोडत लागली नाही त्यांचंही त्यात भलं व्हावं, अशी व्यवस्था हवी.

त्याचा सहकारी रॉबर्ट नोझिक. त्याने 1974 साली उत्तर दिलं, आणि गंमत म्हणजे उदाहरण एका खेळाडूचंच घेतलं. विल्ट चेंबरलेन, बास्केटबॉलचा महान खेळाडू. समजा, समाजात तुम्हाला न्याय्य वाटेल अशी संपत्तीची वाटणी करून ठेवली. आता लोक चेंबरलेनचा खेळ बघायला येतात आणि तिकिटामागे पंचवीस सेंट खास त्याच्यासाठी वेगळे टाकतात. दहा लाख लोक आले. त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमले. प्रत्येकाने राजीखुशीने दिले. यात अन्याय कुठे झाला? आणि झाला नसेल, तर ते पैसे त्याच्याकडून काढून घेण्याचा हक्क कोणाला?

पन्नास वर्षं हा वाद आम्ही वर्गावर्गांतून शिकवत आलो. विद्यार्थी दोन गटांत विभागतात आणि तास संपतो. माझं मत असं, की दोघेही एकेक गोष्ट बरोबर सांगतात. लोकांनी राजीखुशीने दिलेले पैसे हिसकावून घेण्याला काहीतरी सबळ कारण लागतं, हे नोझिकचं खरं. आणि ते पैसे हाती आले म्हणून ‘हे सगळं मी कमावलं’ असं म्हणता येत नाही, हे रॉल्सचं खरं. या दोन खऱ्यांच्या मध्ये एक जागा उरते. तिथे कोणी हिसकावत नाही, पण ज्याच्याकडे आहे तो स्वतःच ओळखतो, की यातला काही भाग माझा नाही. त्या जागेला आपल्या भाषेत ‘देणं लागणं’ असं नाव आहे.

माताच्या बाबतीत ही ओळख एका दिवसात आली असं नाही. 2012 साली त्याचा जुना क्लब रेआल ओव्हिएदो दिवाळखोरीच्या तोंडाशी आला. काही दिवसांत सुमारे वीस लाख युरो उभे करायचे, नाहीतर क्लब बंद. क्लबने शेअर विकायला काढले. तिथे लहानाचे मोठे झालेले आणि आता परदेशात कमावणारे माता, सान्ती काझोर्ला, मिचू यांनी शेअर घेतले, साठांवर देशांतल्या अनोळखी लोकांनी घेतले, शेवटी मेक्सिकोच्या कार्लोस स्लिमने मोठी रक्कम टाकली आणि क्लब वाचला. काझोर्ला पुढे उतारवयात त्याच क्लबमध्ये किमान पगारावर खेळायला परतला, आणि 2025 साली ओव्हिएदो चोवीस वर्षांनी स्पेनच्या पहिल्या श्रेणीत आला.

2016 साली एका स्पॅनिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात माताने उघडपणे सांगितलं, की फुटबॉलच्या जगात माझी कमाई साधारण असेल, पण बाकी समाजाच्या मानाने ती भलतीच आहे. खेळातला धंदा कमी होणार असेल तर मी कमी पगार घेईन. खेळाडू असं सहसा बोलत नाहीत.

मुंबई आणि एक टक्का

2017च्या उन्हाळ्यात तो मुंबईत आला होता. दक्षिण मुंबईत कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायाशी आंबेडकर नगर ही वस्ती आहे. तिथे अशोक राठोड या तरुणाने 2006 साली मूठभर मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला आणि त्यातून ‘ऑस्कर फाउंडेशन’ उभी राहिली. अट एकच: शाळेत गेलास तर खेळायला मिळेल, शाळा नाही तर फुटबॉल नाही. शाळा सोडून कामाला लागणारी मुलं, लवकर लग्नं होणाऱ्या मुली, त्यांना चेंडूच्या ओढीने वर्गात टिकवायचं. आपल्या मुंबईत घडणारी ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होती? माताने ती येऊन पाहिली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ऑगस्ट 2017मध्ये, त्याने ‘कॉमन गोल’ ही मोहीम जाहीर केली. तिच्यामागे ‘स्ट्रीटफुटबॉलवर्ल्ड’ ही बर्लिनची संस्था होती. तिचा एक संस्थापक युर्गेन ग्रीसबेक. कोलंबियाच्या एस्कोबार या खेळाडूने 1994च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल केला आणि मायदेशी परतल्यावर मेदेयीनमध्ये त्याचा खून झाला. ग्रीसबेक तेव्हा तिथे होता, आणि फुटबॉलमधूनच हिंसा कमी करायचं काम त्याने तिथे सुरू केलं.

मोहीम साधी. खेळाडूने आपल्या पगाराचा किमान एक टक्का द्यायचा. तो एका सामाईक निधीत जातो आणि तिथून जगभरातल्या अशा संस्थांना. पहिला माता, दुसरा जर्मनीचा मॅट्स हुमेल्स. मग कियेलिनी, अमेरिकेच्या ॲलेक्स मॉर्गन आणि मेगन रपिनो, डेन्मार्कचा गोलरक्षक श्मायकेल, प्रशिक्षक युर्गेन क्लॉप. डेन्मार्कचा नॉर्शेलँड हा क्लबच्या क्लब सामील झाला.

आता यात तत्त्वज्ञानाचा मुद्दा कुठे आहे? कांटने कर्तव्यांचे दोन प्रकार सांगितले. काही कर्तव्यं नेमकी असतात. घेतलेलं कर्ज फेड: किती, कोणाचं, कधी, सगळं ठरलेलं. काही सैल असतात. दुसऱ्याला मदत कर: पण किती, कोणाला, कधी, हे तुझ्यावर सोडलंय. या सैलपणातच आपण सगळे निसटतो. ‘करणार आहे, पण या वर्षी नको, मुलीचं लग्न होऊ दे.’ कर्तव्य कोणी नाकारत नाही. फक्त त्याची तारीख येत नाही.

माताने केलं ते एवढंच, की सैल कर्तव्याला नेमकं केलं. किती? एक टक्का. कधी? प्रत्येक पगाराला. कोणाला? सामाईक निधीला, म्हणजे ज्याला दिलं त्याच्या डोळ्यांत आपली मूर्ती उभी राहत नाही. आकडा, तारीख आणि धनको ठरला, की दानाचं देणं होतं. आणि देणं झालं, की देणाऱ्याचा अहंकारही थोडा उतरतो, कारण उधारी फेडणाऱ्याला मिरवता येत नाही.

पण गोष्ट इथे गोड करून संपवता येणार नाही. माताची खरी इच्छा होती, की खेळाडूंच्या मर्जीपुढे जाऊन सबंध फुटबॉल उद्योगाच्या उत्पन्नाचा एक टक्का या कामाकडे वळावा: प्रक्षेपणाचे करार, खेळाडूंची खरेदी-विक्री, जाहिराती, सगळ्यांचा. ते झालेलं नाही. काही वर्षांत सामील झालेल्यांचा आकडा शंभराच्या पुढे गेला, पण सर्वांत जास्त पैसा जिथे आहे त्या प्रीमियर लीगमधून फार थोडे आले. म्हणजे ‘देणं’ म्हणून मांडलेली गोष्ट अजून ‘दान’ म्हणूनच चालली आहे. ज्याला वाटलं त्याने दिलं, ज्याला नाही वाटलं त्याला कोणी विचारलं नाही. नोझिकला यात काही गैर वाटलं नसतं. रॉल्सला वाटलं असतं. मला वाटतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, एक टक्का म्हणजे त्याला काय? चहापाण्याचा खर्च. गरीब माणूस यापेक्षा जास्त देतो.

उत्तर : बरोबर आहे. ज्याच्याकडे दहा रुपये आहेत त्याचा एक रुपया मोठा, हे आपल्या संतांपासून सगळ्यांनी सांगितलंय. एक टक्का हा त्यागाचा आकडा नाहीच. तो इतका लहान ठेवलाय की नाही म्हणायला कारण उरू नये. आणि तरी बहुसंख्यांनी नाही म्हटलं. यावरून काय दिसतं? अडचण पैशाची नसते. एक टक्का दिला, की ‘हे सगळं माझं नाही’ हे मान्य करावं लागतं, आणि ते जड जातं. हां, पण एक टक्का दिला म्हणजे हिशेब मिटला असं मात्र कोणी समजू नये. तो हप्ता आहे, सगळी फेड नाही.

प्रश्न : तो कर भरत असेलच ना? मग समाजाचं देणं त्यात फिटलं नाही का?

उत्तर : काही अंशी फिटलं. कर हे नेमकं केलेलं देणंच आहे, आणि जो कर चुकवून देणग्या देतो त्याच्याबद्दल मला आदर नाही. पण कर माणूस राहतो त्या देशात जातो. माताची कमाई जगभरातल्या प्रेक्षकांमुळे आहे. मुंबईतला मुलगा रात्री जागून मँचेस्टरचा सामना बघतो, म्हणून वाहिनी पैसे देते, म्हणून क्लब पगार देतो. त्या मुलाच्या शाळेपर्यंत इंग्लंडचा आयकर पोचत नाही. देणं ज्या रस्त्याने आलं त्याच रस्त्याने परत जायला हवं.

प्रश्न : आम्ही पेन्शनर माणसं. आम्हाला यातून काय घ्यायचं?

उत्तर : (हसून) मीही पेन्शनरच आहे. आपण माता नाही, आपल्या डाव्या पायाला कोणी विचारत नाही. पण आपली शिक्षणं बघा. आपल्यातले बरेच जण नाममात्र फीमध्ये शिकले, सरकारी पैशावर. ती फी कोणी भरली? ज्यांची मुलं कॉलेजचं तोंडही बघू शकली नाहीत, अशांनी काडेपेटीवर, साखरेवर भरलेल्या करातून. म्हणजे आपल्यालाही कोणीतरी कॉर्नर घेऊन दिला होता. तेव्हा घरी गेल्यावर ‘समाजाचं देणं’ हे शब्द एका कागदावर लिहा आणि पुढे तीन रकाने काढा: किती, कोणाला, कोणत्या तारखेला. रकाने रिकामे राहिले तर निदान ते वाक्य भाषणात वापरणं तरी आपण बंद करू.